जळगावात बसून सर्फबोर्ड: थर्माकोलच्या ठोकळ्यातून पहिला बोर्ड हाताने कसा काढायचा

पारोळ्याचे मामा घरी आले तेव्हा मागच्या शेडमध्ये आठ फुटी पांढरा ठोकळा दोन घोड्यांवर आडवा होता अन मी त्याच्यावर वाकून रेघा मारत होतो. मामांनी दोन मिनिटं बघितलं, चहा संपवला, मग विचारलं, "भाचा, हाई तापीमा टाकशी का?" आता काय सांगायचं. समुद्र आपल्यापासून लांब आहे हे मलाही माहिती आहे. पण भो, बोर्ड समुद्रात बनत नाही, शेडमध्ये बनतो, अन शेड, प्लायवूड, सुतार, फायबरचं काम करणारे हे सगळं खान्देशात ढिगाने आहे.

मी मुल्कीला (मंगळुरूच्या अलीकडे) आठ दिवस सर्फिंग शिकून आलो अन डोक्यात किडा घुसला की बोर्ड स्वतः करायचा. तीन बोर्ड केले. पहिला वाया गेला, दुसरा वाकडा झाला, तिसऱ्यावर मी उभा राहिलो. पहिल्या दोघांत जे जे चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून हे लिहितोय. ज्यांनी आयुष्यात कधी रंधा धरला नाही त्यांनाही जमेल, फक्त घाई करू नका.

१. आधी बोर्डचं माप ठरवा, मग ठोकळा आणा

सगळ्यांना पहिलाच बोर्ड छोटा टोकदार पाहिजे असतो, व्हिडिओत बघतो तसा. नका करू. तो करायलाही अवघड अन चालवायला त्याहून अवघड. पहिला बोर्ड लांब, रुंद, जाड, साधा. माझं माप देतो, ६०-६५ किलोच्या नवशिक्या माणसासाठी: लांबी ७ फूट ६ इंच, रुंदी साडेबावीस इंच, मधली जाडी ३ इंच.

साडेसात फूटच का? कारण प्लायवूडची शीट आठ फुटाची येते. टेम्पलेट (आकार आखायचा साचा), रॉकरच्या म्हणजे बोर्डच्या वळणाच्या पट्ट्या, मधली स्ट्रिंगर (बोर्डच्या मधोमधची लाकडी पट्टी) सगळं एका शीटमधून अखंड निघतं, जोड मारावा लागत नाही. बाकी काही शास्त्र नाही त्यात.

बोर्ड तुम्हाला तोलेल का हे लिटरवरून कळतं. लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, अन येईल त्याचे साधारण ५५ ते ६० टक्के धरा, कारण कडा अन टोकं पातळ असतात. वरच्या मापाचे ९९ लिटर येतात, म्हणजे खरे ५५ ते ६०. नवशिक्याने आपल्या वजनाच्या किलोइतके लिटर किंवा थोडे कमी धरले तर पॅडल मारताना, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हाताने पाणी ओढताना, बोर्ड बुडत नाही. तुम्ही ८० किलोचे असाल तर लांबी तीच ठेवून रुंदी अन जाडी वाढवा, अन लिटर पुन्हा मोजून बघा.

२. ठोकळा: इथेच निम्मे लोक फसतात

दोन प्रकारचा फोम असतो. एक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, त्याचे तयार ब्लँक मिळतात, बोर्डच्या आकाराच्या जवळपास साच्यात ओतलेले, मधे लाकडी पट्टी घातलेले. दुसरा ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोल.

अमेरिकेत वर्षानुवर्षं बहुतेक सगळे पीयू ब्लँक एकाच कंपनीकडून जायचे, क्लार्क फोम. ५ डिसेंबर २००५ ला मालकाने कंपनी अचानक बंद केली अन शेपर (बोर्डला आकार देणाऱ्या) लोकांची पळापळ झाली, त्या दिवसाला ते अजून 'ब्लँक मंडे' म्हणतात. त्यानंतर ईपीएसकडे खूप लोक वळले. हे एवढ्यासाठी सांगितलं की कोणी हसून म्हणेल, थर्माकोलचा बोर्ड असतो का कुठे, तर असतो, चांगल्या दुकानात विकला जातो.

आपल्याकडे पीयूचे सर्फ ब्लँक मागवायचे तर भाडंच डोक्यावर बसतं. म्हणून थर्माकोल. पण स्टेशनरीत मिळतो तो नाही. ती १ मीटर बाय अर्धा मीटरची शीट असते, एकदम हलकी, दाणा सुटतो, अन चार शीट चिकटवून केलेला ठोकळा प्रत्येक जोडावर रंधा अडकवतो. पूर्वी डेकोरेशनवाल्यांकडे मोठे ठोकळे असायचे, २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर तेही कमी झाले. तुम्ही विचारायचं कोल्ड स्टोरेजचं इन्सुलेशन करणाऱ्यांना. सावदा-रावेर भागात केळीमुळे ही कामं चालू असतात, त्यांना थर्माकोलचा कारखाना माहिती असतो.

कारखान्यात सांगायचं: अखंड ब्लॉक, ८ फूट बाय २ फूट बाय ६ इंच, डेन्सिटी २४. म्हणजे घनमीटरला २४ किलो. हो हो म्हणतात अन १५ चा देतात, मुद्दाम नाही, त्यांच्याकडे तोच पडलेला असतो. म्हणून तिथेच वजन करा. या मापाचा ठोकळा २४ च्या डेन्सिटीत साधारण साडेपाच किलो भरतो, १५ चा असला तर जेमतेम साडेतीन. काट्यावर ठेवला की वाद संपतो. वजन झालं की कोपऱ्यात अंगठा दाबा. खोल खड्डा पडून तसाच राहिला तर घेऊ नका.

अजून एक मोह. केळी पिकवायच्या चेंबरचे जुने पफ पॅनल भंगारात मिळतात, आतला फोम पिवळा, टणक. तो पॉलियुरेथेनच, पण पत्र्यामधला, उन्हाने भुसभुशीत झालेला, अन त्याला (आपण थर्माकोल कापायला वापरणार ती) गरम तार लावली तर निघणारा धूर विषारी असतो. पीयू फोम तारेने कापायचाच नाही, कधीच. करवत चालेल.

अन आता माझ्या पहिल्या बोर्डची गोष्ट. आमच्याकडे कूलरच्या बॉड्या, टाक्या, दरवाजे असं फायबरचं काम करणारे बरेच आहेत, मी त्यातल्याच एकाकडून साधं रेझिन (कापडावर ओतायचं, सुकून टणक होणारं) आणलं. पॉलिस्टर. पंधरा दिवस घासून गुळगुळीत केलेल्या थर्माकोलवर फायबरचं कापड टाकलं अन रेझिन ओतलं. आधी काही झालं नाही. मग कापड हळूहळू खाली बसायला लागलं, जसं भाकरीवरचं लोणी आत मुरतं तसं. बोट लावलं तर खाली पोकळ. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं अन ते थर्माकोल विरघळवतं. थर्माकोलवर फक्त इपॉक्सी रेझिन. चपलेचं सोल्युशन, थिनर, स्प्रे पेंट, यातलं काहीच त्याला लागू द्यायचं नाही.

३. सामान

एकदम सगळं आणू नका, पण हे लागणारच:

- ८ बाय ४ ची ४ मिमी प्लाय, एक शीट
- बारीक दाताची करवत
- रंधा मशीन (पातं नवीन पाहिजे, बोथट पातं दाणे उपटतं) अन एक छोटा हाताचा रंधा स्ट्रिंगरसाठी
- पॉलिश पेपर ४०, ८०, १२० नंबर, अन जाळीवाला पेपर मिळाला तर फार छान
- दीड फूट लांब सपाट लाकडी पट्टी, तिला ४० नंबरचा पेपर चिकटवून
- तसाच अर्धा फुटाचा ठोकळा, त्यावर ८० नंबर
- कॅलिपर, बाहेरून जाडी मोजायचा मोठा. नाही मिळाला तर प्लायचा करून घ्या
- गुण्या, टेप, मऊ पेन्सिल (बॉलपेन नको, त्याची रेघ काचेखालून, म्हणजे वर चढवतो त्या फायबरग्लासखालून, कायमची दिसते)
- निक्रोम तार अन तिची धनुकली
- मास्क, चष्मा, व्हॅक्यूम क्लीनर

सर्फॉर्म म्हणून किसणीसारखं हत्यार असतं, बाहेरचे शेपर त्याच्याशिवाय हलत नाहीत. मला जळगावात मिळालं नाही. ४० नंबरच्या पट्टीने तेच काम होतं, वेळ दुप्पट.

मास्कचं हसण्यावारी नेऊ नका. थर्माकोलचा दाणा मोठा असतो, नाकात बसतो पण पुढे जात नाही, पण बारीक घासताना अन नंतर इपॉक्सी अन काच घासताना जी धूळ उडते ती छातीत जाते. रुमाल बांधून चालत नाही.

४. शेड अन उजेड

हे मी सगळ्यात जास्त सांगणार आहे, कारण माझा दुसरा बोर्ड वाकडा झाला तो हात वाईट म्हणून नाही, उजेड चुकीचा म्हणून.

पांढऱ्या वस्तूवर वरून उजेड पडला की खड्डा दिसतच नाही. माझ्या शेडमध्ये वर एक ट्यूब होती, त्या उजेडात बोर्ड आरशासारखा वाटायचा. बाहेर काढला संध्याकाळी, सूर्य पार खाली आलेला, अन तिरप्या उन्हात बघतो तर डेकवर (बोर्डच्या वरच्या बाजूवर) म्हशीच्या पाठीसारखे उंचवटे. डाव्या कडेला एक लाट, उजवीला दोन.

तर वरची ट्यूब बंद. दोन्ही बाजूच्या भिंतींना बोर्डच्या उंचीला, किंवा चार बोटं वर, एकेक चार फुटी ट्यूब आडवी लावा. उजेड बाजूने सरपटत आला पाहिजे. भिंती गडद पाहिजेत, निळ्या नाहीतर काळ्या, मी जुनी निळी ताडपत्री टांगली. आता जिथे उंचवटा तिथे सावली. एका बाजूची ट्यूब बंद करून बघा, मग दुसरी. ही एक गोष्ट केली अन माझा तिसरा बोर्ड आपोआप बरा झाला.

घोडी कमरेच्या उंचीची, वर जुन्या गादीचा फोम बांधा. अन दाणे: ते उडतात, केसात, चहात, शेजारच्या गोठ्यात. पंखा बंद ठेवा, जमिनीवर पाणी मारा, रोज व्हॅक्यूम करून गोणीत भरा. जाळायचं नाही. आमच्याकडे एका रात्री वारा आला अन सकाळी अख्ख्या गल्लीत बर्फ, त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहित नाही.

५. टेम्पलेट: अर्धंच करा

पूर्ण बोर्डचं टेम्पलेट करू नका, दोन्ही बाजू कधीच सारख्या येत नाहीत. प्लायवर एक सरळ मध्यरेघ, अन एकाच बाजूचा आकार. एका बाजूने आखायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूने आखायचं, झाले सारखे.

माझ्या मापाचे बिंदू, मध्यरेघेपासून: नाकाच्या टोकापासून १२ इंचावर साडेआठ इंच, सगळ्यात रुंद जागी सव्वाअकरा, शेपटीपासून १२ इंचावर पावणेआठ. सगळ्यात रुंद जागा मध्यापासून २ इंच नाकाकडे. बिंदूंवर खिळे ठोका अन त्यांना टेकून वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी वाकवा. पट्टी स्वतःच सुंदर वळण घेते. एखाद्या खिळ्याशी ती हट्ट करत असेल तर खिळा सरकवा, पट्टीवर जबरदस्ती करू नका. मग प्लाय कापून कड घासा, अन डोळे मिटून बोट फिरवा. जिथे बोट अडखळलं तिथे बोर्डवरही अडखळणार.

६. रॉकर: गरम तारेचं काम

बोर्ड बाजूने बघितला तर केळीसारखा वाकलेला असतो, त्याला रॉकर म्हणतात. नाक वर नसेल तर लाटेवरून उतरताना ते पाण्यात घुसतं अन तुम्ही त्याच्यावरून पुढे. माझं माप: नाकाला साडेचार इंच, शेपटीला सव्वादोन, मधले दोन-अडीच फूट जवळपास सपाट.

प्लायच्या दोन सारख्या पट्ट्या कापा, तळाच्या वळणाच्या. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना खिळ्यांनी लावा, दोघांची उंची गुण्याने तपासा. तार धनुकलीत ताणलेली पाहिजे, एका टोकाला स्प्रिंग लावा कारण तापल्यावर तार लांबते अन सैल पडते. करंट ट्रान्सफॉर्मरमधून, १२ ते २४ व्होल्ट, अन हे जोडून देणारा माणूस इलेक्ट्रिशियनच पाहिजे. घरच्या २३० व्होल्टला तार थेट जोडायची नाही, हे लिहावं लागतंय कारण मला एकाने तोच सल्ला दिला होता. तार लाल दिसली तर जास्त तापली, लाल न होता लोण्यात सुरी जाते तशी गेली पाहिजे. दरवाजे उघडे ठेवा.

दोघं लागतात, दोन टोकांना. दोघांनी एकाच वेगाने चालायचं, म्हणून आम्ही पट्ट्यांवर दर सहा इंचाला खुणा केल्या अन मोठ्याने आकडे म्हणत गेलो, एक, दोन, तीन, आमची बायको म्हणे कवायत चालू आहे. घाई केली की तारेचा मधला भाग मागे राहतो अन बोर्डच्या मधोमध पोट सुटतं. तळ झाला की तसंच डेकसाठी, पण कापून ३ इंचाऐवजी साडेतीन इंच ठेवा. अर्धा इंच रंध्यासाठी.

मग ठोकळा मधोमध लांबीत चिरायचा अन ४ मिमी प्लायची स्ट्रिंगर त्याच वळणाची कापून इपॉक्सीने बसवायची. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबा, दर फुटाला एक. स्ट्रिंगरने बोर्डला कणा येतो अन मध्यरेघ कायमची मिळते, हा दुसरा फायदा जास्त मोठा.

७. आकार कापणं

तळावर टेम्पलेट ठेवा, स्ट्रिंगरला मध्यरेघ जुळवा, आखा, पलटवा, आखा. करवत रेघेच्या बाहेर ४-५ मिमी ठेवून चालवा, अन सरळ उभी. इथे सगळ्यांची करवत खाली आत जाते. म्हणून दर फुटाला गुण्या लावून बघा. उरलेलं लांब पट्टीने घासत रेघेपर्यंत या. थांबून थांबून नाही, एका दमात नाकापासून शेपटीपर्यंत चालत. एका जागी उभं राहून घासलं की तिथे खड्डा.

८. जाडी

रंधा मशीन एक मिमीवर. डेकवर नाकापासून शेपटीपर्यंत एक फेरी, बाजूला दुसरी, अशा डाव्या बाजूला जितक्या तितक्याच उजव्या बाजूला. मोजा. खरंच मोजा, खडूने भिंतीवर काठ्या मारा. माझा नियम असा की डावीकडे सहा फेऱ्या मारून फोन आला तर फोन उचलायच्या आधी सहा काठ्या मारायच्या.

माप: मध्ये ३ इंच, नाकापासून १२ इंचावर पावणेदोन, शेपटीपासून १२ इंचावर दोन. कॅलिपर लावून शेवटचे दोन-तीन मिमी मशीनने नाही, लांब पट्टीने. स्ट्रिंगर प्लायची असल्यामुळे फोम लवकर जातो अन ती मधे उंच राहते, तिला छोट्या रंध्याने खाली आणत राहायचं, फोमला न शिवता. तळ तसाच सपाट ठेवा. तळाला खोलगट आकार (कॉनकेव्ह), लांब खाचा (चॅनल) वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डला.

९. रेल, म्हणजे कडा

इथे हात थरथरतो सगळ्यांचा. चौकोनी कडेतून गोल कड काढायचीय, अन दोन्ही बाजूंची सारखी. डोळ्याने गोल करायला गेलात की एक बाजू पुरणपोळी अन दुसरी भाकरी. म्हणून गोल करायचंच नाही. सपाट पट्ट्या पाडायच्या.

कडेच्या उभ्या भागावर तळापासून ४० टक्के उंचीवर एक रेघ, पूर्ण बोर्डभर. ही रेघ शेवटपर्यंत पुसायची नाही, बोर्डची सगळ्यात बाहेरची कड तीच. डेकवर कडेपासून दीड इंच आत दुसरी रेघ. या दोन रेघांमधला कोपरा लांब पट्टीने उडवा, एक सपाट उतार होईल. मग डेकवर ३ इंच आत तिसरी रेघ, तिथपासून पहिल्या उताराच्या मध्यापर्यंत दुसरा उतार. आता दोन बोथट कोपरे उरले, तेही हलकेच उडवा. बाजूच्या उजेडात हे उतार पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात, त्यांची रुंदी सगळीकडे सुरळीत बदलत गेली पाहिजे. डाव्या बाजूची पट्टी उजव्याशी टेपने ताडून बघा, डोळ्याने नाही.

खालून फक्त अर्ध्या इंचाचा छोटा उतार, पुढच्या दोन तृतीयांश भागाला. मागच्या दीड-दोन फुटात तळाची कड गोल करायची नाही, धारदार ठेवायची. कारण गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं अन बोर्ड धरून ठेवतं, धारदार कडेवरून सुटतं. पुढे गोल पाहिजे, नाहीतर वळताना कड पाण्यात अडकून उलटा करते. मागे सुटायला पाहिजे. धार अन गोल यांच्यामधला बदल फूटभरात हळूहळू.

सगळ्यात शेवटी जाळीचा पेपर दोन्ही हातात पट्ट्यासारखा धरून कडेवर गुंडाळा, बूट पॉलिश करतात तसा, अन चालत जा. आठ-दहा फेऱ्यांत कोपरे नाहीसे होतात. इथे थांबा. अजून थोडं, अजून थोडं करत माझ्या दुसऱ्या बोर्डची एक कड पाव इंच गेली, मग दुसरी जुळवायला पाव इंच, मग पुन्हा पहिली.

१०. तपासणी

बोर्ड भिंतीला उभा करा, दहा पावलं मागे जाऊन बघा. उलटा करा, बघा. मग डोळे मिटून दोन्ही तळवे दोन्ही कडांवर ठेवून नाकापासून शेपटीपर्यंत चाला. तळव्याला फरक कळतो, खरंच कळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, रात्री अकरा वाजता सगळं सरळच दिसतं.

खोल खड्डा पडला असेल तर इपॉक्सीत मायक्रोबलून नावाची पावडर घालून भरा, थर्माकोलचा तुकडा कोंबू नका.

११. काच चढवणं, अन आपला उन्हाळा

ग्लासिंगवर वेगळं लिहावं लागेल, थोडक्यात सांगतो. कापड २०० ग्रॅमचं, विणलेलं क्लॉथ, मॅट नाही. तळाला एक थर, डेकला दोन, कडांवर दोन इंच एकमेकांवर. आधी इपॉक्सी-मायक्रोबलूनचा पातळ लेप खरवडून दाण्यांमधल्या फटी बुजवा, नाहीतर रेझिन पिऊन बोर्ड जड होतो.

फायबरवाल्या मित्रांची एक सवय इथे घात करते. पॉलिस्टरमध्ये ते उन्हाळ्यात हार्डनर कमी टाकतात, हिवाळ्यात थोडा जास्त, अन जमतं. इपॉक्सीत हे चालत नाही. डब्यावर वजनाचं जे प्रमाण लिहिलंय तेच, काट्यावर. कमी टाकला तर वर्षभर चिकट राहील. सोन्याच्या गावात राहतो आपण, काट्याची कमतरता नाही. गरमीसाठी स्लो हार्डनर वेगळा येतो, तो घ्या. अन मिसळल्यावर खोल मगात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता. मे महिन्यात माझा मग हातात धुरायला लागला होता.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. थर्माकोलच्या आत हवा असते. सकाळी काच चढवली अन दुपारी पारा ४२-४४ वर गेला की ती हवा फुगते अन ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येते, वर चेचक आल्यासारखा बोर्ड. उलट करायचं: शेड दिवसभर तापू द्या, बोर्ड आतच ठेवा, अन सूर्य कलल्यावर, तापमान उतरायला लागल्यावर काम सुरू करा. थंड होताना आतली हवा आकसते, रेझिनला आत ओढते. पावसाळी दमट रात्र टाळा. मला सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारीत मिळाले.

फिन (तळाला मागे लावायचे पंख) तीन लावा, ते बसवायचे बॉक्स तयार मिळतात. तीन फिनची ही मांडणी सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन शेपरने १९८० मध्ये केली अन पुढच्या वर्षी तोच बोर्ड घेऊन बेल्सची स्पर्धा जिंकला, तेव्हापासून जग तेच लावतं. डेकवर छोटा व्हेंट प्लग जरूर बसवा, आतल्या हवेला वाट. अन बोर्ड बंद गाडीत किंवा पत्र्याखाली उन्हाळ्यात ठेवायचा नाही, काच फोमपासून सुटून फुगे येतात.

१२. पाण्यात नेण्याआधी

भुसावळहून मंगला एक्स्प्रेस कोकण रेल्वेने थेट उडुपी-मंगळुरूकडे जाते, बोर्डचं काय करायचं ते पार्सल ऑफिसात आधी विचारून घ्या, प्लॅटफॉर्मवर वाद घालू नका. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नवशिक्याने जायचंच नाही, समुद्र खवळलेला असतो, ऑक्टोबरनंतर लाटा लहान होतात.

पण त्याआधी बोर्ड तरंगतो कसा, नाक बुडतंय की शेपूट, हे इथेच बघून घ्या. मी यावलला चुलतभावाच्या शेततळ्यात बघितलं. शेततळ्याला खाली प्लास्टिकचा कागद असतो, शेवाळाने घसरडा, काठावरून पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून लाइफ जॅकेट अन झाडाला बांधलेली दोरी, दोन्ही, अन काठावर माणूस. अन फिन काढून जा. मी विसरलो होतो, बोर्ड काठाला टेकायच्या आत भाऊ वरून ओरडला, "कागद फाडशील रे! केळी तुझ्या सर्फिंगवर जगवू का?" फिन तिथेच बसून स्क्रू ड्रायव्हरने काढले, मग त्याने पाण्यात उतरू दिलं.